ऑपरेशनच्या यादीतलं सामान: काय घ्यावं, काय भाड्याने आणावं, काय दुकानातच सोडावं

ऑपरेशनची तारीख ठरली की काउंटरवरून एक यादी हातात पडते. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर (श्वास आत ओढला की खणांतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलणारं यंत्र), मांडीपर्यंतचे स्टॉकिंग्ज, पोटाचा पट्टा, रेझर, जंतुनाशक लिक्विड साबण, वॉटरप्रूफ ड्रेसिंग, वॉकर, जेल पॅक. नातेवाईक खालच्या मेडिकलमध्ये जातात, यादी काचेवर ठेवतात आणि पिशवी भरून वर येतात. माप कोणी घेतलेलं नसतं. काही पाकिटं डिस्चार्जपर्यंत उघडली जात नाहीत, आणि जी वस्तू सगळ्यात स्वस्त तीच सगळ्यात चुकीची वापरली जाते. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे. समोर धरलेली ऑपरेशनं दोन: पोट उघडून केलेलं आणि गुडघ्याचा सांधा बदलण्याचं. वॉर्डातल्या सिस्टरला या सामानाबद्दल जे दहा वेळा सांगावं लागतं, तेच इथे आहे.

सुरुवात स्पायरोमीटरपासून, कारण पैसे वसूल होण्याच्या दृष्टीने यादीत त्याचाच पहिला नंबर. भूल, पोटाची चीर आणि दुखण्याच्या भीतीने घेतलेले वरवरचे श्वास, या तिघांमुळे फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. तिथे कफ साठतो, ताप येतो, ऑक्सिजन उतरतो. पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशननंतर हा धोका जास्त. स्पायरोमीटरने पेशंटला खोल श्वास घ्यायला लावायचं असतं, आणि हातात आल्याबरोबर बहुतेक जण त्यात फुंकतात! गोळ्या हलत नाहीत. मग आणखी जोरात फुंकतात, टाके ओढले जातात, आणि ‘मला नाही जमत’ म्हणून यंत्र टेबलावर जाऊन बसतं ते तिथेच राहतं.

पद्धत अशी. पाठ टेकून पण ताठ बसायचं. यंत्र सरळ उभं धरायचं; तिरकं धरलं की गोळी सहज वर जाते आणि फसवणूक स्वतःचीच होते. आधी नेहमीसारखा श्वास सोडायचा, मग तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरून हळूहळू आत ओढायचा. तीन खणांवर साधारणपणे ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात. ती दर सेकंदाला किती घन सेंटिमीटर हवा आत जाते याची खूण असते. इथेच दुसरी गफलत होते. एका झटक्यात तिन्ही गोळ्या टण्‌कन वर उडवल्या की घरचे टाळ्या वाजवतात. हिशोब केला तर? तिन्ही गोळ्या अर्धा सेकंद वर राहिल्या, म्हणजे जेमतेम ६०० घन सेंटिमीटर हवा आत गेली. एकच गोळी तीन सेकंद तरंगत ठेवली तर १८०० जाते. शिवाय दाबून ठेवलेल्या श्वासानेच मिटलेले कोपरे उघडतात. म्हणून पेशंटला ‘तीन गोळ्या’ असं लक्ष्य देऊ नये, ‘एक गोळी, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत’ असं द्यावं. जमलं की दोन गोळ्या.

जागेपणी तासाला दहा श्वास. सलग दहा नाहीत. दोन-तीन झाले की थोडं थांबायचं, नाहीतर गरगरतं आणि बोटांना मुंग्या येतात. दहा झाल्यावर उशी पोटाच्या चिरेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून खोकायचं. ही उशीची पायरी डिस्चार्ज कार्डावर क्वचितच लिहिलेली असते, आणि तिच्याशिवाय खोकला येतच नाही, कारण दुखतं. वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने केलेला व्यायाम आणि गोळीच्या आधी केलेला व्यायाम यात फार फरक असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसते खोल श्वास आणि लवकर चालणं यांच्यापेक्षा हे यंत्र सरस आहे असं संशोधनात ठामपणे दिसलेलं नाही. तरी घ्या म्हणतो, कारण ‘खोल श्वास घ्या हं काका’ असं सांगून कोणी घेत नाही. डोळ्यांसमोर गोळी असली की घेतात, आणि शेजारी बसलेल्या नातवाला मोजायचं काम मिळतं. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी घेऊन सराव करावा आणि आपली मूळ पातळी (समजा, दोन गोळ्या तीन सेकंद) यंत्रावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवावी. ऑपरेशननंतर कुठपर्यंत परत यायचं आहे हे त्यावरून कळतं. पहिल्यांदा डब्यातून काढण्याची वेळ ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आली, तर अर्धा फायदा गेलाच.

दुकानात घेताना नळी जिथे यंत्रात बसते तो जोड पाहा. तो सैल असेल तर तिथूनच हवा येते, गोळी हलत नाही आणि पेशंटला वाटतं आपल्यातच दम नाही. नळी यंत्राजवळ चिमटून ओढून बघा. तरीही हवा येत असेल तर नळी किंवा तोंडाचा भाग गळतो आहे. छापील किंमत पाहून दचकू नका, दोन-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. पिस्टन वर सरकणारा आणि मिलिलिटरमध्ये आकडा दाखवणारा प्रकार महाग असतो, पण वयस्कर पेशंटसाठी खरोखर चांगला, कारण तो वेग नाही तर आत गेलेली एकूण हवा मोजतो आणि झटक्याला फसत नाही. एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही. तोंडाचा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा, यंत्राच्या आत पाणी जाऊ द्यायचं नाही.

आता स्टॉकिंग्ज. यादीतली ही वस्तू महाग, आणि चुकली तर त्रासदायक. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे मोजे असतात. घोट्याशी दाब सगळ्यात जास्त, साधारण १८ मिलिमीटर पाऱ्याइतका, आणि मांडीकडे कमी कमी होत जातो. दुकानात यांच्या शेजारीच व्हेरिकोज व्हेन्सचे स्टॉकिंग्ज ठेवलेले असतात. ते बहुधा कातडीच्या रंगाचे, आणि त्यांचा दाब बराच जास्त, कारण ते चालत्या-फिरत्या माणसासाठी असतात. आडव्या पडलेल्या पेशंटच्या पायावर ते चढवणं चुकीचं. ऑपरेशनसाठीचे बहुधा पांढरे असतात, बोटांपाशी एक खिडकी असते आणि पाकिटावर ‘अँटी-एम्बोलिझम’ लिहिलेलं असतं. तो शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माप मीडियम-लार्ज असं अंदाजाने सांगायचं नाही. टेप घ्या. घोट्याच्या वर पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, मांडीपर्यंतचे हवे असतील तर मांडीचा घेर, आणि टाचेपासून कुल्ह्याच्या घडीपर्यंत लांबी. गुडघ्यापर्यंतचे हवे असतील तर टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्या, सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना. मग पाकिटामागचा तक्ता. घेर एका साइजमध्ये आणि लांबी दुसऱ्यात बसत असेल तर दुकानदाराला दुसरी कंपनी दाखवायला सांगा. मांडीपर्यंतचे लांब पडले म्हणून वरून दुमडायचे, ही सगळ्यात वाईट युक्ती. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि ज्या पायातलं रक्त वाहतं ठेवायचं, त्यालाच दोरी बांधल्यासारखं होतं.

घालायची रीत: हात आत घालून टाचेचा कप्पा पकडा, तिथपर्यंत मोजा उलटा करा, पाऊल आत सरकवा, टाच कप्प्यात नीट बसली की बाकीचा थोडा थोडा वर न्या. गोळा करून एकदम खेचू नका. मांडीपर्यंतच्या मोज्याला वर एक वेगळ्या कापडाची कळी असते, ती मांडीच्या आतल्या बाजूला यायला हवी. आधी पायाला तेल किंवा मलम लावू नका, मोजा सरकतो आणि रबर लवकर मरतं. रोज किमान एकदा काढून पाय धुवायचा, टाच आणि घोट्याची हाडं बोटाने चाचपून बघायची. लाल डाग, फोड किंवा निळसर बोटं दिसली तर मोजा उतरवा आणि फोन करा. बोटांची खिडकी मागे सरकून पावलाच्या मधोमध आली की बोटं सुजतात. वॉर्डात राउंडला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

पायाच्या धमन्यांचा आजार, मधुमेहाने बधिर झालेले पाय, कातडी लावलेली जागा, हृदयाच्या आजाराने आलेली मोठी सूज यापैकी काही असेल तर हे मोजे घालू नयेत, आणि हे काउंटरवर कोणी विचारत नाही. आपणच सांगायचं. गुडघा बदललेल्या पायावर सूज इतकी बदलते की आधी घेतलेलं माप चार दिवसांत खोटं ठरतं, म्हणून त्या पायाला घालायचा की नाही ते सर्जनला विचारा. गुठळी रोखण्याचं मुख्य काम गोळी किंवा इंजेक्शन आणि लवकर चालणं करतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या पेशंटांना रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर त्यावर मोजे घालून फारसा फायदा वाढत नाही, असं दिसलं. म्हणून आमचं मत: डॉक्टर औषध देणार असतील तर ‘मोजे खरंच हवेत का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. आणि मोजे असोत-नसोत, एकाच पायाची पोटरी दुखू लागली, सुजली, किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठा.

रेझर सरळ यादीतून खोडा. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने केस काढताना कातडीवर न दिसणारे चिरे पडतात आणि रात्रभरात त्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे कातडी न खरवडता केस बारीक कापणाऱ्या यंत्राने. तरीही आदल्या रात्री घरीच ‘पार्ट प्रेप’ करून (ऑपरेशनच्या जागेचे केस काढून) या असं अजून सांगितलं जातं. हॉस्पिटलला विचारा की तुमच्याकडे क्लिपर आहे का. घरी दाढीचा ट्रिमर हाताशी आहे म्हणून तोही फिरवू नका, जागा ठरवायचं काम त्यांचं. जंतुनाशक साबणाला मात्र नाही म्हणत नाही, पण त्याच सूचनांनुसार साध्या साबणाची अंघोळही चालते. चार टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा घेतलाच तर डोळे-कान वाचवा, अंगावर दोन मिनिटं राहू द्या, मग धुवा. त्यानंतर पावडर नाही, खोबरेल नाही.

अंघोळीचा विषय निघाला म्हणून: नेलपॉलिश घरीच काढा, कारण बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा त्यातून चुकू शकतो. जोडवी, पाटल्या, अंगठ्या आदल्या दिवशी साबण लावून उतरवा. ऐन ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात सुजलेल्या बोटातलं जोडवं निघत नाही आणि मग कटर आणावा लागतो. मंगळसूत्राबद्दल घरात आधी बोलून ठेवा.

काही यादीत आता एक गोड पावडर असते, पाण्यात कालवून ऑपरेशनच्या दोन तास आधी प्यायची. चारशे मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम कर्बोदकं, असं तिचं नेहमीचं प्रमाण. चांगली कल्पना, तहान आणि ग्लानी कमी होते. पण मधुमेह असेल तर विचारल्याशिवाय नाही, आणि भूलतज्ज्ञाने वेळ लिहून दिली असेल तरच. नाहीतर नेहमीचा नियम: जेवण किंवा दूध घातलेलं काहीही किमान सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधी बंद. जड, तळलेलं खाल्लं असेल तर आणखी वेळ. ‘फक्त कपभर चहा दिला’ यावरून ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि भूलतज्ज्ञाचं बरोबर असतं. दुधाचा चहा हे पाणी नव्हे. साबुदाण्याची खिचडी तर नाहीच नाही.

बिलात दिसणाऱ्या पण आपल्या हातात कधी न येणाऱ्या दोन वस्तूंबद्दल थोडं. गरम हवेचं ब्लँकेट: ओटीत थंडी असते, भुलेखाली शरीर स्वतःला गरम ठेवू शकत नाही, आणि तापमान ३६ अंशांखाली गेलं की रक्तस्राव आणि जखमेचा संसर्ग दोन्ही वाढतात. या ओळीवर वाद घालू नका. दुसरी डायाथर्मी प्लेट, म्हणजे सर्जनच्या विजेच्या चाकूतून शरीरात गेलेल्या विजेचा परतीचा रस्ता. ती केस नसलेल्या, मांसल, कोरड्या जागी पूर्ण चिकटलेली हवी. तिच्याखाली बीटाडिन किंवा पाणी साचलं की भाजतं, म्हणूनच ओटीतली सिस्टर ती लावताना आणि काढताना दोन्ही वेळा कातडी तपासते. एका पेशंटला वापरलेली जेल प्लेट दुसऱ्याला चालत नाही.

पोटाचा पट्टा. हा हर्निया होऊ देत नाही, अशी ठाम समजूत आहे. तसा पुरावा नाही. त्याचं खरं काम उठताना, चालताना, खोकताना आधार देणं, आणि त्या कामात तो चांगला आहे. पोटाचा घेर मोजून घ्या, कमरेचा नव्हे. आडवं पडून, श्वास सोडल्यावर बांधा. दोन बोटं आत जायला हवीत. वर सरकून बरगड्यांवर गेला की श्वास अडतो, म्हणजे स्पायरोमीटरने सकाळी कमावलेलं पट्ट्याने दुपारी घालवलं. झोपताना आणि जेवताना काढा. आत सुती बंडी हवी, विशेषतः कोकणात आणि मे महिन्यात, नाहीतर घामाने टाक्यांभोवतीची कातडी सोलवटते. ड्रेनची (आतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी) नळी किंवा स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर पट्टा विकत घेण्याआधी नर्सला दाखवा.

ड्रेसिंगमध्ये महागाचा मोह टाळता येतो. स्वच्छ, टाक्यांनी बंद केलेल्या जखमेवर गॉज (जाळीचं कापड) आणि मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) यांच्यापेक्षा भारी ड्रेसिंगने संसर्ग कमी होतो असं दिसलेलं नाही. वॉटरप्रूफ घ्यायचं ते अंघोळीच्या सोयीसाठी, आणि त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. आकार असा की जखमेच्या चारही बाजूंना किमान एक इंच कोरडी कातडी चिकटेल. गुडघ्यावर लावताना पाय थोडा वाकवून लावा आणि चिकटपट्टी ताणू नका. पाय सरळ ठेवून ताणून लावलेली पट्टी पेशंट गुडघा वाकवायला लागला की कातडीला ओढते आणि कडेने पाण्याचे फोड येतात. घरचे मग घाबरतात, जखम पिकली म्हणतात. पिकलेली नसते, पट्टीने सोललेली असते. काढताना वर उपटू नका, कातडीला समांतर, हळूहळू मागे न्या. गॉज चिकटलं असेल तर सलाईनने भिजवा. पहिले ४८ तास, ड्रेसिंग भिजलं नसेल तर, उघडून बघायची हौस आवरा. हळद नाही, खोबरेल नाही, रोज बीटाडिनने पुसणंही नाही. लाली पसरते आहे, पू येतो आहे, कडा उघडल्या आहेत किंवा थंडी वाजून ताप आला आहे, तर ड्रेसिंग बदलत बसू नका, दाखवायला जा.

गुडघ्याला थंड शेक द्यायला जेल पॅक ठीक. फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मग काढायचा. फ्रीझरमधली मटारची पिशवी तेच काम करते आणि गुडघ्याच्या आकारात जास्त छान बसते.

राहिला वॉकर, आणि तो विकत घेऊ नका. महाराष्ट्रात बहुतेक शहरांत आणि तालुक्याच्या गावी ट्रस्टची, मंडळांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात. अनामत रक्कम ठेवून वॉकर, कमोड खुर्ची, बेडपॅन, अगदी वर-खाली होणारा पलंगसुद्धा नाममात्र भाड्याने मिळतो. नेण्याआधी घरी एक माप घ्या: संडास-बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत दार इतकं अरुंद असतं की वॉकर आडवा करून न्यावा लागतो, आणि नवीन गुडघ्याचा पेशंट नेमका तिथेच पडतो. उंची अशी लावा की चपला घालून सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी येईल आणि ती धरल्यावर कोपर थोडं वाकेल. चारही पायांची भोकं सारखीच मोजा, एक पाय एका भोकाने कमी राहिला तर वॉकर डुलतो. घडीचा असेल तर उघडल्यावर दोन्ही बाजूंचा ‘कट्‌’ आवाज ऐकू आला पाहिजे. पायाखालची रबरी बुचं उलटी करून बघा. तळ गुळगुळीत झाला असेल किंवा मधून धातू दिसत असेल तर केंद्रातच बदलून मागा, ओल्या फरशीवर असा वॉकर नसलेला बरा. नवी बुचं कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळतात; जुनं बूच सोबत न्या, नळीच्या जाडीप्रमाणे साइज बदलतो.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर गुडघा किंवा खुबा बदलल्यावर कमोड खुर्ची लागणारच. तीही भाड्याने. खुब्याच्या पेशंटसाठी बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर जाता कामा नयेत, त्या हिशोबाने खुर्चीच्या पायांची उंची वाढवा. वेस्टर्न कमोडवर बसवायचा उंचवटा चार किंवा सहा इंचांचा मिळतो, पण त्याचे क्लॅम्प तुमच्या कमोडच्या कडेला घट्ट बसतात का हे पेशंट घरी यायच्या आदल्या दिवशी, धडधाकट माणसाने स्वतः बसून, डावी-उजवीकडे झुकून तपासावं. आणि यादीतल्या ज्या वस्तू लागल्या नाहीत त्यांची पाकिटं सीलबंद ठेवून बिलासकट हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये डिस्चार्जच्या दिवशीच परत करा. नंतर गेल्यावर घेतीलच असं नाही, आणि पायात एकदा चढवून पाहिलेले स्टॉकिंग्ज तर कोणीच घेत नाही.